४,२९,४९,६७,२९७ : एका अनुमानाचा शेवट

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या वरकरणी इतर कोणत्याही मोठ्या संख्येसारखीच दिसते. परंतु एका थोर गणितज्ञाचे अनुमान तिने खोटे ठरविले, म्हणून गणिताच्या इतिहासात तिला वेगळे स्थान आहे.

फ्रान्समध्ये तुलूझ येथील न्यायसभेचे सदस्य असलेले पिएर द फर्मा फावल्या वेळात गणिताचा व्यासंग करीत. २, ४, १६, २५६, ६५,५३६ या श्रेणीत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येचा वर्ग आहे. प्रत्येकीत १ मिळविला असता ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने त्यांना निःशेष भाग जात नाही. श्रेणी कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळत राहतील, असे मत फर्मा यांनी १६४० मध्ये मांडले. सिद्धता मात्र त्यांच्यापाशी नव्हती.

श्रेणीतील सहावी संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, हीच आपली संख्या होय. ती मूळ आहे की नाही हे साध्या भागाकाराने ठरवावयाचे, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागेल. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिले की, तिला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले असता बाकी १ उरलीच पाहिजे, असे त्यांनी पुढे सिद्ध केले. या कसोटीला उतरणाऱ्या मूळ संख्या अनुक्रमे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते.

वाचकाला लांबलचक भागाकार न करताही याची खात्री पटविता येईल. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. या बेरजेला २ च्या २८ व्या घाताने गुणले असता ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२ वा घात मिळतो. त्याला ६४१ ने भाग जाणारच. आता ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केल्यास त्यालाही ६४१ ने भाग जातो. पहिल्या राशीतून दुसरी वजा करता आपली संख्याच शिल्लक राहते.

ऑयलर यांनी शोधलेले दोन्ही विभाजक मूळ आहेत. म्हणून ही संख्या विषम, संयुक्त आणि नेमक्या दोन भिन्न मूळ संख्यांचा गुणाकार आहे. शिवाय ती फसवी आहे. विषम मूळ संख्या घेऊन २ चा तिच्याहून एकाने लहान घात काढावा व त्याला तिने भागावे. बाकी १ उरते, हा नियम फर्मा यांचाच. आपली संख्या मूळ नसूनही या परीक्षेत उत्तीर्ण होते. अशा संख्यांना छद्ममूळ म्हणतात.

या श्रेणीत पहिल्या पाच संख्यांनंतर एकही मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही. सहाव्या संख्येपासून तेहतिसाव्या संख्येपर्यंत सर्व संयुक्त ठरल्या आहेत. त्यापलीकडे एखादी मूळ संख्या दडलेली आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणालाही देता आलेले नाही.