इंटरव्ह्यूचा मेल जंकमध्ये जाऊ नये म्हणून: थंडरबर्डच्या फिल्टरला नीट शिकवूया

ऐकताना मेनूंची नावं लक्षात राहत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून या भागातल्या पायऱ्या इथे जरा सविस्तर लिहिल्यात.

प्रश्न एका श्रोत्याचा आहे, आणि एकदम रास्त आहे. प्लेसमेंट सुरू आहेत, मेल लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये बघतो, स्पॅमचा नुसता पाऊस पडतोय. फिल्टर चालू करावा का? आणि केला तर कामाचा मेल त्यातच वाहून गेला तर?

माझं उत्तर: चालू करा, पण शिकवा. न शिकवलेला फिल्टर गेटवरच्या नवीन वॉचमनसारखा असतो. सोसायटीत कोण राहतं हेच त्याला माहीत नाही, मग अडवणार कोणाला आणि सोडणार कोणाला?

फिल्टर ठरवतो कसं?

थंडरबर्ड हा मोझिलाचा फुकट मिळणारा, ओपन सोर्स ईमेल प्रोग्रॅम. त्याची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यातला जंक फिल्टर बेझच्या गणितावर चालतो. थॉमस बेझ हे १८व्या शतकातले इंग्लंडमधले पाद्री. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच कल्पना स्पॅम पकडायला कशी वापरायची, यावर पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने २००२ मध्ये एक लेख लिहिला आणि ती पद्धत सगळीकडे पसरली.

गणित सोपं आहे. समजा, तुम्ही १०० मेल जंक म्हणून दाखवले आणि १०० चांगले म्हणून. 'मोफत' हा शब्द ४० जंक मेलमध्ये सापडला आणि फक्त २ चांगल्या मेलमध्ये. म्हणजे नव्या मेलमध्ये 'मोफत' दिसला, की ४२ पैकी ४०, म्हणजे सुमारे ९५ टक्के संशय. उलट 'असाइनमेंट' हा शब्द ३ जंकमध्ये आणि २० चांगल्यांमध्ये असेल, तर संशय फक्त १३ टक्के. अशा बऱ्याच शब्दांचा हिशेब एकत्र करून मेलला एक गुण मिळतो. तो ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की मेल जंक. थंडरबर्डमध्ये ही मर्यादा मुळात ९० असते.

आता खरी मेख बघा. खोट्या नोकरीच्या मेलमध्ये कुठले शब्द असतात? 'इंटरव्ह्यू', 'ऑफर', 'जॉइनिंग', 'एचआर'. आणि खऱ्या नोकरीच्या मेलमध्ये? तेच! तुम्ही फक्त 'रजिस्ट्रेशन फी भरा' छाप मेल जंक म्हणून दाखवत गेलात आणि चांगले मेल कधी दाखवलेच नाहीत, तर फिल्टरच्या लेखी 'इंटरव्ह्यू' हा शब्दच बदनाम होतो. शिकवणी एकतर्फी झाली, की निकालही एकतर्फीच लागणार.

सेटिंग करूया

१. तीन आडव्या रेषांच्या मेनूतून अकाउंट सेटिंग्ज उघडा. डावीकडे तुमच्या खात्याखाली जंक सेटिंग्ज दिसेल. तिथे त्या खात्यासाठी अ‍ॅडॅप्टिव्ह जंक मेल कंट्रोल्सवर टिक करा. एकापेक्षा जास्त खाती असतील तर प्रत्येकात वेगळं बघावं लागतं.

२. त्याच पानावर अ‍ॅड्रेस बुकची यादी असते. ज्या बुकवर टिक कराल, त्यातल्या लोकांचे मेल फिल्टर आपणहून जंक करणार नाही. पर्सनल अ‍ॅड्रेस बुक आणि कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस, दोन्हींवर टिक करा. तुम्ही ज्यांना मेल पाठवता, त्यांचे पत्ते दुसऱ्या बुकमध्ये आपोआप जमा होतात. प्लेसमेंट सेलचा आणि अर्ज केलेल्या कंपन्यांचा पत्ता मात्र हातानं घाला. नो-रिप्लाय पत्त्याला आपण कधी उत्तर देत नाही, त्यामुळे तो आपोआप जमा होत नाही. आणि स्वतःचा पत्ता बुकमध्ये ठेवू नका. स्पॅम पाठवणारे बरेचदा तुमचाच पत्ता 'पाठवणारा' म्हणून लावतात.

३. नवीन जंक मेल जंक फोल्डरमध्ये हलवायचा पर्याय निवडा. ठरावीक दिवसांनी जुने जंक आपोआप पुसण्याचा पर्यायही तिथेच आहे. पहिले काही महिने तो बंदच ठेवा.

आता शिकवणी

मेल निवडून 'जे' हे अक्षर दाबलं, की तो जंक. शिफ्ट धरून 'जे' दाबलं, की जंक नाही. सुरुवातीला इनबॉक्समधले ४०-५० चांगले मेल एकदम निवडा आणि शिफ्ट-जे दाबा: कॉलेजच्या नोटिसा, मित्रांचे मेल, खरे इंटरव्ह्यू कॉल, बँकेचं स्टेटमेंट, सगळं. मग साधारण तेवढेच जंक दाखवा.

ज्या न्यूजलेटरला तुम्ही स्वतःच नाव नोंदवलंय, त्याला जंक म्हणू नका. ते अनसबस्क्राइब करा, किंवा मेसेज फिल्टर्समध्ये नियम करून वेगळ्या फोल्डरला पाठवा. अनोळखी स्पॅममधल्या अनसबस्क्राइबवर मात्र क्लिक नको. पत्ता चालू आहे, हे त्यांना आयतंच कळतं.

शिकवणी अगदीच बिघडली, तर मुख्य सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली ट्रेनिंग डेटा रीसेट करता येतो. पाटी कोरी, पुन्हा श्रीगणेशा.

फोनवाल्यांनी हे वाचाच

फिल्टर शिकतो ते सगळं लॅपटॉपवरच्या एका फाइलमध्ये राहतं, फोनपर्यंत पोचत नाही. पण खातं आयमॅप पद्धतीचं असेल, तर थंडरबर्डनं हलवलेला मेल सर्व्हरवरही हलतो. म्हणजे लॅपटॉपवर फिल्टरची चूक झाली, तर फोनच्या इनबॉक्समधूनही तो मेल गायब! 'नोटिफिकेशन आलं होतं, आता मेल दिसत नाही' असं झालं, तर आधी जंक फोल्डर उघडा.

शिवाय ईमेल सेवेचा स्वतःचा स्पॅम फिल्टर असतोच, आणि तो थंडरबर्डच्या आधी चाळणी लावतो. खातं पॉप पद्धतीचं असेल, तर त्याचं स्पॅम फोल्डर थंडरबर्डमध्ये उतरतच नाही. ते ब्राउझरमध्ये जाऊन बघावं लागतं.

फिल्टरला काय जमत नाही?

फिल्टर शब्द मोजतो, हेतू ओळखत नाही. 'केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद' हा मेल बँकेच्याच भाषेत लिहिलेला असला, तर तो सहज निसटू शकतो. त्यामुळे इनबॉक्समध्ये आला म्हणजे खरा, असं समजू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचा, आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा.

शेवटी हिशेब एवढाच. एक स्पॅम इनबॉक्समध्ये शिरला, तर तुमचे दोन सेकंद जातात. एक इंटरव्ह्यू कॉल जंकमध्ये अडकला, तर नोकरी जाऊ शकते. दोन्ही चुका सारख्या नाहीत, म्हणून फिल्टर थोडा ढिला असलेला बरा. सीझन चालू असेपर्यंत रोज एकदा आणि एरवी आठवड्यातून एकदा जंक फोल्डरवर नजर टाका. चांगला मेल सापडला, की शिफ्ट-जे. तेवढ्यानं तो परतही येतो आणि फिल्टरचा एक धडाही होतो.

अडलं तर प्रश्न पाठवा. भेटू पुढच्या भागात!