दाताचा उडालेला टवका

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या आसपास खेळताना एखादे मूल पडते व पुढच्या दाताचा टवका उडतो. बाउरिंग रुग्णालय तेथून फार दूर नाही; परंतु टवका बहुधा धुळीतच राहतो. मोडलेले हाड सांधते, मग दात का नाही? दाताचे कवच, म्हणजे दंतवल्क, शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य खरे. पण दात उगवेपर्यंत ते घडविणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या असतात! १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते किंचित खडबडीत केले, तेव्हा त्यावर ॲक्रिलिक राळ घट्ट बसली. याच तत्त्वाने आज पुष्कळदा तुटलेला टवकाही परत चिकटविता येतो. तो सुकू न देता दुधात किंवा पाण्यात ठेवून दंतवैद्याकडे त्वरित न्यावा. दातातून रक्त दिसल्यास आतील मज्जा उघडी पडलेली असते. तेथे एक दिवसाचा विलंबही नको.