नवऱ्या मुलाची अंगठी : धातू कोणता?

साखरपुड्याच्या यादीत ‘नवऱ्या मुलास अंगठी’ असे लिहिले गेले, की पूर्वी पुढचा प्रश्न फक्त वजनाचा असे. अंगठी सोन्याची, हे गृहीतच. आता पेढीवर प्लॅटिनम, टायटॅनियम, टंगस्टन अशी नावे ऐकू येतात आणि ‘हिला जन्मात ओरखडा पडणार नाही’ असे सांगण्यात येते. हे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

कठीणपणा निराळा आणि चिवटपणा निराळा. काच कठीण, पण पडली की फुटते. तांब्याची तार मऊ, ती वाकते पण तुटत नाही. शुद्ध सोने फारच मऊ, म्हणून त्यात तांब्याचांदीचे हीण घालावे लागते. चोवीस भागांत बावीस भाग सोने असले तर ते २२ कॅरट, म्हणजे ९१६. अठरा भाग असले तर १८ कॅरट, म्हणजे ७५०. रोज स्कूटरची मूठ आणि गॅसच्या टाकीची कडी धरणाऱ्या हातात २२ कॅरटचे पातळ वळे फार काळ वाटोळे राहत नाही. तेथे १८ कॅरटच बरे. २३ जून २०२१ रोजी देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. तेव्हा अंगठीच्या आत हा आकडा पाहूनच घ्यावा.

पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो झिजला की आतला पिवळसरपणा दिसू लागतो. आणि हीण निकेलचे असल्यास कित्येकांच्या बोटाला खाज सुटते.

प्लॅटिनमचे तसे नाही; ते अंगचेच पांढरे. मात्र ते जड. जी अंगठी १८ कॅरट सोन्यात सहा ग्रॅम भरेल, तीच प्लॅटिनममध्ये सुमारे आठ ग्रॅम भरते आणि टायटॅनियममध्ये दोन ग्रॅमदेखील भरत नाही. शिवाय सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, तर प्लॅटिनमला १७६८ अंश लागतात. म्हणून त्याची दुरुस्ती गल्लीतल्या सोनाराकडे सहसा होत नाही.

आता टंगस्टन. या नावाने जे विकले जाते ते टंगस्टन आणि कार्बन यांचे संयुग, टंगस्टन कार्बाइड. त्याची भुकटी कोबाल्ट किंवा निकेलच्या साहाय्याने दाबून, भाजून घट्ट करतात. कारखान्यात पोलाद कापणाऱ्या हत्यारांची टोके याचीच असतात. तेव्हा ओरखडा पडत नाही, यात नवल ते काय! पण हात दाराच्या फटीत चेंगरला आणि बोट सुजू लागले, तर अंगठी तातडीने काढावी लागते. नाही तर बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. सोन्याची अंगठी दवाखान्यातील लहानशा चकतीच्या करवतीने थोडक्यात कापली जाते. कार्बाइडवर ती करवत चालत नाही. ती अंगठी पकडीत धरून, हळूहळू दाब वाढवीत फोडावी लागते. कठीण म्हणूनच ती ठिसूळ. हे ठाऊक नसणाऱ्याच्या हाती मोलाची मिनिटे वाया जातात. म्हणून अंगठी कशाची आहे ते रोग्याने स्वतः सांगावे. टायटॅनियम कापता येते, पण सोन्याहून अधिक वेळ लागतो.

दुसरे असे की, पंचविशीतले बोट पन्नाशीत तेवढेच राहत नाही. सोन्याचे वळे कापून, तुकडा घालून, डाग देऊन मोठे करता येते. उद्या नको झाले तर मोडीत किंमत येते. कार्बाइडचे वळे तसूभरही वाढत नाही. टायटॅनियमला साधा डाग लागत नाही.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नवरानवरी चर्चमध्ये एकमेकांच्या बोटात अंगठी घालतात. ती रोज वापरावयाची असते. आपल्याकडील पुष्कळ नवरदेवांची अंगठी मात्र महिन्याभरात कपाटात जाते. तिला कोणताही धातू चालेल! जो खरोखर वापरणार असेल त्याने १८ कॅरटचे, खडा नसलेले, कडा गोल केलेले वळे घ्यावे, असे आम्हांस वाटते. लेथवर किंवा विजेच्या तारांशी काम करणाऱ्याने धातू कोणताही असो, कामापूर्वी अंगठी उतरवून ठेवावी. आणि माप गारठ्यात सकाळी देऊ नये. बोटे तेव्हा आखडलेली असतात. संध्याकाळी द्यावे, आणि वळे रुंद असेल तर किंचित सैल.