सूर्यास्तानंतरचा पाहुणचार
घरी केलेला ज्ञानपट आणि चातुर्मासातील संध्याकाळ

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरात सूर्यास्त साधारण पावणेसातच्या सुमारास होतो. छावणीतील जैन घरांमधून त्यापूर्वीच ताटे आवरली जातात, चौविहाराचे पच्चक्खाण घेतले जाते आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवतो. नेमका याच वेळी पाहुणा दारात उभा राहिला, तर यजमानाची मोठी पंचाईत होते. रात्रिभोजनत्यागी घरात त्याला चहा नाही, फराळ नाही आणि पाण्याचा पेलाही नाही. बोलणे तासाभरात संपते. मुले हळूच भ्रमणध्वनी घेऊन कोपऱ्यात जातात, मोठी माणसे दूरचित्रवाणीकडे वळतात आणि ज्याच्यासाठी सर्वजण एकत्र आले, ती भेट तशीच राहून जाते.

पाहुणचार म्हणजे खाणे, हे समीकरण आपण फार सहज स्वीकारले आहे. घरी आलेल्याला वेळ, लक्ष आणि आनंद देणे हाही पाहुणचारच होय, आणि त्यासाठी विकतच्या वस्तूंची किंवा मोठ्या खर्चाची गरज नाही. हातभर मांजरपाट, चार चिंचोके आणि काही सुटी बटणे एवढ्यात सर्व वयांच्या माणसांना दोन तास एकत्र बसवणारा खेळ घरी तयार होऊ शकतो. विशेष म्हणजे हा खेळ बाहेरून आणावा लागत नाही. जैन परंपरेत तो ‘ज्ञानबाजी’ किंवा ‘ज्ञानचौपड’ या नावाने नांदत आला आहे आणि पर्युषणाच्या दिवसांत तो खेळला जात असे.

द्यूत आणि खेळ

सोंगट्यांचा खेळ म्हटला की काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती निष्कारण नसते. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे आणि त्याचा दाखला म्हणून युधिष्ठिराची कथा जैन ग्रंथांतही सांगितली जाते. छावणीतून पडेगाव, दौलताबादमार्गे वेरूळकडे जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटरवर ज्या लेण्यांपाशी पोहोचतो, तेथे क्रमांक १४ आणि २१ च्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. त्याच डोंगरात थोडे पुढे क्रमांक ३० ते ३४ ही जैन लेणी आहेत आणि तेथे तीर्थंकरांच्या मूर्ती ध्यानस्थ आहेत. फाशांचे आकर्षण आणि त्यापासूनची निवृत्ती अशी एकाच पाषाणात शेजारी नांदताना दिसतात.

मग जैन श्रावकांनी फाशांचा खेळ का स्वीकारला? याचे उत्तर ‘पण’ या शब्दात आहे. द्यूताचा दोष त्यातील पणात, म्हणजे लावलेल्या धनात आणि त्यामागच्या लोभात आहे. ज्ञानचौपडीत पण नाही. शिवाय सारीपाटात किंवा चल्लस-आठमध्ये दुसऱ्याची सोंगटी ‘मारावी’ लागते. चल्लस-आठच्या रूढ नियमानुसार तर एखादी सोंगटी मारल्यावाचून आतल्या घरांत प्रवेशही मिळत नाही. ज्ञानचौपडीत कोणी कोणाला मारत नाही. एका घरात दोन सोंगट्या निवांत बसू शकतात. खेळणाऱ्याला अडवतात ते त्याचेच कषाय आणि वर नेतात त्याचेच गुण. अहिंसेचा विचार खेळाच्या नियमांतच उतरवल्याचे इतके सुबक उदाहरण क्वचितच आढळेल.

पटाचा परदेशप्रवास

जुने जैन पट साधारणपणे ८४ घरांचे असत. खाली नरकगती, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक आणि सर्वांत वर सिद्धशिला, अशी त्यांची रचना असे. वैष्णव घरांत असेच पट वेगळ्या नावांनी खेळले जात. महाराष्ट्रात त्याला ‘मोक्षपट’ म्हणत आणि लोकपरंपरा त्याचे कर्तेपण संत ज्ञानेश्वरांकडे देते. अँड्र्यू टॉप्सफील्ड या ब्रिटिश अभ्यासकाने १९८५ साली अशा पटांवर सविस्तर लेख लिहिला, तर जेकब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारताच्या या खेळावर प्रबंध सादर केला.

एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांबरोबर काही पट इंग्लंडला गेले. त्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ बाजारात आला. पुढे १९४३ साली अमेरिकेत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आरंभीच्या इंग्रजी पटांवर काटकसर, पश्चात्ताप, उद्योग अशा गुणांच्या शिड्या होत्या, नंतर तीही नावे पुसली गेली. हिंदुस्थानी पटांवर सामान्यतः साप अधिक आणि शिड्या कमी असत, कारण चढण्यापेक्षा घसरणे सोपे, हा अनुभव त्यामागे होता. परदेशी पटांवर दोन्हींची संख्या सारखी झाली. आज आपली मुले पुठ्ठ्यावर छापलेली जी सापशिडी खेळतात, ती अर्थ गमावून घरी परतलेली आपलीच वस्तू आहे. तो अर्थ पुन्हा भरण्याचे काम घरच्या घरी करता येते.

साहित्य : अहिंसेच्या कसोटीवर

पटासाठी धुवट मांजरपाट किंवा जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्यावा. रेशीम टाळावे, हे सांगणे नलगे. कापड ताठ करण्यासाठी मैद्याची खळ त्याच दिवशी शिजवून त्याच दिवशी वापरावी, शिळी ठेवू नये. चिकटवण्यासाठी सरस वापरू नये, कारण तो प्राण्यांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. बाभळीचा डिंक पुरतो. रंगांसाठी गेरू, हळद, नीळ आणि दिव्याची काजळी घेऊन ती डिंकाच्या पाण्यात कालवावी. केसांच्या कुंचल्याऐवजी झाडाखाली गळून पडलेल्या वाळक्या काडीचे टोक चेचून घेतले, तर उत्तम लेखणी होते.

फाशांसाठी कवड्या वापरण्याची रूढी आहे. परंतु कवडी हे एका समुद्री जीवाचे कवच आहे. तिच्याऐवजी चार चिंचोके घ्यावेत. ते तव्यावर भाजले की अचित्त होतात. मग प्रत्येकाची एक बाजू खरखरीत फरशीवर घासून पांढरी करावी. हे घासण्याचे काम मुलांना फार आवडते. सोंगट्यांसाठी शिवणाच्या डब्यातील वेगवेगळ्या रंगांची बटणे पुरेत. काही राहिलेच, तर छावणीच्या गुरुवारच्या आठवडी बाजारात ते सहज मिळेल.

पटाची आखणी

घरगुती पटासाठी ८४ घरांऐवजी सात ओळी व प्रत्येक ओळीत सात, अशी ४९ घरे सोयीची ठरतात. प्रत्येक घर सहा सेंटिमीटरचे धरले, तर पट ४२ सेंटिमीटरचा होतो. वरच्या बाजूला सिद्धशिलेच्या चंद्रकोरीसाठी वीतभर जागा सोडावी. गेरूत भिजवलेला दोरा दोघांनी दोन टोकांना ताणून धरावा आणि मधोमध उचलून सोडावा, म्हणजे सरळ रेघ उमटते. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, याप्रमाणे आकडे घालावेत.

सात ओळी निवडण्याचे कारण असे की, गुणस्थाने चौदा आहेत. प्रत्येक ओळीच्या पहिल्या व पाचव्या घरात एकेक गुणस्थान लिहावे : १ मिथ्यात्व, ५ सासादन, ८ मिश्र, १२ अविरत सम्यग्दृष्टी, १५ देशविरत, १९ प्रमत्तविरत, २२ अप्रमत्तविरत, २६ अपूर्वकरण, २९ अनिवृत्तिकरण, ३३ सूक्ष्मसांपराय, ३६ उपशांतमोह, ४० क्षीणमोह, ४३ सयोगकेवली आणि ४७ अयोगकेवली.

शिड्या चार काढाव्यात. सत्संगाची ४ वरून १२ वर, महाव्रताची १८ वरून २२ वर, जागृतीची २० वरून २२ वर आणि क्षपकश्रेणीची ३३ वरून ४० वर.

साप सहा असावेत. मायेचा १० वरून ३ वर, अनंतानुबंधी क्रोधाचा १३ वरून ५ वर, मानाचा १७ वरून ८ वर, प्रमादाचा २३ वरून १९ वर, सूक्ष्म लोभाचा ३४ वरून २९ वर आणि सर्वांत लांब साप ३६ वरून थेट १ वर.

ही मांडणी मनाला वाटेल तशी केलेली नाही. जीव पहिल्या गुणस्थानातून थेट चौथ्यात जाऊ शकतो, म्हणून पहिली शिडी १२ वर पोहोचते. सासादन हे चढण्याचे स्थान नव्हे, सम्यक्त्वावरून घसरताना लागणारे आहे. म्हणून चालत आलेली सोंगटी ५ वर पडल्यास तिने तेथे न थांबता ६ वर जावे. सापाने आणलेली सोंगटी मात्र तेथे थांबते. सहाव्या व सातव्या गुणस्थानांत साधूचे सतत येणे-जाणे चालते, म्हणून १९ ते २३ या घरांच्या आसपास लहान साप आणि लहान शिडी यांचा झोपाळा आहे.

सर्वांत लांब सापाचे कारण मुलांनी आवर्जून विचारावे असे आहे. अकराव्या उपशांतमोह गुणस्थानात मोह दबलेला असतो, नष्ट झालेला नसतो. गढूळ पाण्यातील गाळ तळाशी बसावा आणि जरा धक्का लागताच पुन्हा वर यावा, तसे तेथे होते. म्हणून तेथून पतन अटळ आहे आणि ते पहिल्या गुणस्थानापर्यंतही होऊ शकते. जो मोहाचा क्षय करीत जातो, तो दहाव्यावरून अकरावे टाळून थेट बाराव्यात पोहोचतो आणि बाराव्यानंतर पतन नाही. त्यामुळे ३६ च्या पुढे पटावर एकही साप नाही. राग गिळणे आणि राग जाणे यांतला फरक दहा वर्षांच्या मुलाला प्रवचनातून समजावणे कठीण. ३६ वरून १ वर आलेल्या सोंगटीकडे पाहून तो त्याला लगेच कळतो.

खेळण्याचे नियम

चारही चिंचोके एकदम टाकावेत. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे पुढे. चारही काळ्या पडल्यास आठ घरे. सोंगटी ४७, ४८ किंवा ४९ वर पोहोचली किंवा दान त्याहून जास्त पडले, तर खेळणाऱ्याने अ, इ, उ, ऋ, लृ ही पाच ह्रस्व अक्षरे म्हणावीत आणि सोंगटी सिद्धशिलेवर ठेवावी. अयोगकेवली गुणस्थानाचा काळ शास्त्रात या पाच अक्षरांच्या उच्चाराएवढाच सांगितला आहे. लहान मुले या क्षणाची वाट पाहतात.

शेवटची सोंगटी पोहोचेपर्यंत खेळ थांबवू नये. जो आधी पोहोचला, त्याने मागे राहिलेल्यांसाठी चिंचोके टाकून द्यावेत. यामुळे हरणारा कोणी उरत नाही.

एखादे चुणचुणीत मूल विचारील की, सद्गुण आणि दुर्गुण जर चिंचोक्यांच्या दानावर ठरत असतील, तर माणसाच्या हाती काय उरले? हा प्रश्न टाळू नये. दान हे पूर्वकर्माच्या उदयासारखे आहे, ते टाकणाऱ्याच्या हाती नाही. उदय झाल्यावर कसे वागायचे, हा पुरुषार्थ मात्र त्याच्या हाती आहे. त्यासाठी घरापुरता एक नियम करता येईल. क्रोध, मान, माया किंवा लोभ यांच्या तोंडी सापडलेल्या खेळाडूने समोर बसलेल्यांपैकी कोणाची तरी खऱ्या कारणासाठी क्षमा मागितली, तर एका डावात एकदा त्याने घसरू नये. काल हिसकावलेले खेळणे, सासूला दिलेले तुटक उत्तर, भावाला न केलेला दूरध्वनी, अशा गोष्टी तेव्हा हसत-हसत बाहेर येतात. संवत्सरीच्या किंवा क्षमावाणीच्या दिवशी छापील संदेश पाठवून जे साधत नाही, ते कधी कधी या पटावर साधते.

पाहुणचाराची आखणी

पाहुण्यांना सायंकाळी साडेपाचलाच बोलवावे. मुगाच्या डाळीचे धिरडे, खाखरे, मुरमुऱ्यांचा चिवडा आणि शेंगदाण्याची चिक्की एवढे पुरे. यजमानीण पटापाशी बसायला मोकळी राहणेही महत्त्वाचे आहे. सूर्यास्तापूर्वी ताटे उचलली की प्रतिक्रमण किंवा आरती आणि नंतर पट. तो जमिनीवर न अंथरता पाटावर किंवा चौरंगावर ठेवावा. एका पटाभोवती सहा जण नीट बसतात. पाहुणे जास्त असल्यास जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीत एक ज्येष्ठ व एक मूल ठेवावे. छावणीत शेजारी अनेक धर्मांचे असतात. त्यांनाही जरूर बोलवावे, क्रोधाचा आणि लोभाचा साप सर्वांच्या ओळखीचा आहे.

पट करण्यासाठी दोन रविवार पुरतात. पहिल्या रविवारी खळ, रेघा व चिंचोके, दुसऱ्या रविवारी रंग व अक्षरे. अक्षरे घरातील आजी-आजोबांकडून लिहून घ्यावीत. चौदा गुणस्थानांची नावे ज्यांना क्रमाने पाठ आहेत, अशी माणसे घरोघरी आता कमी होत चालली आहेत. त्यांच्यापाशी असलेले हे ज्ञान नातवंडांनी मागितल्याशिवाय पुढे जाणार नाही, आणि नातवंडे ते मागतील तर खेळाच्या निमित्ताने. आजोबांच्या हस्ताक्षरातला पट घडी घालून कपाटात ठेवला, तर पुढील चातुर्मासात तो पुन्हा उघडता येईल, आणि तेव्हा चिंचोके टाकणारे हात कदाचित आणखी एका पिढीचे असतील.