रुम्प्लर सी.१

रुम्प्लर सी.१ हे पहिल्या महायुद्धातील जर्मन सैन्याचे दोन आसनांचे, द्विपंखी, सशस्त्र टेहळणी विमान होते. बर्लिनजवळील योहानिस्टाल येथील रुम्प्लर कारखान्यात ते तयार झाले आणि १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाले. पश्चिम आणि पूर्व आघाड्यांप्रमाणेच सिनाईचे वाळवंट व पॅलेस्टाईन येथेही त्याचा वापर झाला. याच आघाडीवर हैदराबाद संस्थानचे, तसेच जुन्या हैदराबाद कंटिन्जंटमधून घडलेले घोडदळ या विमानाच्या विरुद्ध बाजूला होते. त्यामुळे मराठवाड्याच्या, विशेषतः बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या लष्करी इतिहासाशी त्याचा दुरून का होईना संबंध येतो.

नाव आणि वर्ग

जर्मन सैन्यात विमानांचे वर्ग अक्षरांनी ओळखले जात. ‘ए’ म्हणजे निःशस्त्र एकपंखी, ‘बी’ म्हणजे निःशस्त्र द्विपंखी, ‘सी’ म्हणजे दोन आसनांचे सशस्त्र द्विपंखी आणि ‘डी’ म्हणजे एका आसनाचे द्विपंखी लढाऊ विमान. अक्षरापुढील आकडा हा त्या कारखान्याच्या त्या वर्गातील विमानाचा क्रमांक असे. म्हणून ‘सी.१’ याचा अर्थ रुम्प्लर कारखान्याचे पहिले ‘सी’ वर्गातील विमान.

त्यापूर्वी हा कारखाना ‘टाउबे’ (जर्मन भाषेत कबूतर) हे एकपंखी विमान आणि ‘बी.१’ हे द्विपंखी विमान तयार करीत असे. युद्धाच्या आरंभी टेहळणी करणाऱ्यांजवळ फार तर पिस्तूल किंवा बंदूक असे. आकाशात परस्परांवर गोळीबार होऊ लागला तेव्हा हे अपुरे पडले आणि अधिक शक्तीचे इंजिन व मशीनगन असलेल्या ‘सी’ वर्गाची गरज भासली.

रचना

विमानाचा सांगाडा मुख्यतः लाकडी होता आणि पंखांवर ताणून बसविलेल्या कापडाचे आवरण असे. वरचा आणि खालचा पंख खांबांनी व तारांनी एकमेकांशी बांधलेले असत. पंखांचा विस्तार सुमारे १२.१५ मीटर आणि लांबी सुमारे ७.८५ मीटर होती. भरलेल्या विमानाचे वजन सुमारे १,३०० किलोग्रॅम होई. १६० अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे मर्सिडीज डी.३ इंजिन नाकाशी बसविलेले असे. कमाल वेग ताशी सुमारे १५० किमी होता आणि विमान सुमारे चार तास हवेत राहू शके. ते सुमारे ५,००० मीटर उंची गाठू शकत असे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हे लाकडी-कापडी यंत्र त्याच्या तिपटीहून अधिक उंचीवर जाई, आणि तेही उघड्या आसनांत बसलेल्या दोन माणसांना घेऊन.

पुढे वैमानिक व मागे निरीक्षक अशी बैठक असे. जुन्या ‘बी’ वर्गात निरीक्षक पुढे बसत असे, पण तेथे पंख आणि तारा आड येत. मागे बसल्यामुळे त्याला खालचे अधिक मोकळेपणाने दिसू लागले आणि फिरत्या कड्यावर बसविलेली पॅराबेलम मशीनगन मागे व बाजूंना चालविता येऊ लागली. नंतरच्या विमानांत वैमानिकासाठी पुढे रोखलेली स्थिर मशीनगनही बसविण्यात आली. लहान बॉम्ब नेण्याची सोय होती. परंतु त्यांचे एकूण वजन १०० किलोग्रॅमच्या आसपासच असे.

जर्मन पद्धतीत विमानाचा प्रमुख हा बहुधा मागे बसणारा निरीक्षक असे, ही गोष्ट आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. निरीक्षक हा सामान्यतः अधिकारी असे. वैमानिक अनेकदा खालच्या हुद्द्याचा असे आणि त्याच्याकडे सारथ्याचे काम असे. सैनिकी बोलीत वैमानिकाला ‘एमिल’ आणि निरीक्षकाला ‘फ्रान्झ’ म्हणत. विमान हे नजर वाहून नेण्याचे साधन आहे, ही समजूत या व्यवस्थेच्या मुळाशी होती.

टेहळणीचे काम

लोकप्रिय लेखनात पहिल्या महायुद्धातील जर्मन विमान म्हटले की लाल रंगाचे लढाऊ विमान आणि त्यातील एकांडा शिलेदार एवढेच डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात लढाऊ विमानांचे मुख्य प्रयोजनच शत्रूच्या टेहळणी विमानांना अडविणे आणि आपल्यांना वाचविणे हे होते. सेनापतीला हवी असलेली माहिती रुम्प्लरसारखी संथ विमानेच आणीत.

निरीक्षक नकाशावर खुणा करी आणि काचेच्या पट्ट्यांवर छायाचित्रे घेई. जमिनीवर परतल्यावर ती छायाचित्रे तज्ज्ञ वाचत. तंबूंची संख्या, मातीवर उमटलेल्या नव्या वाटा, तोफांच्या जागी जळालेले गवत, रेल्वेच्या रुळांवरील डब्यांची दाटी यांवरून सैन्याचा अंदाज बांधला जाई. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या या कामी विशेष उपयोगी पडत.

घोडदळ लपविणे सर्वांत कठीण. एका घोड्याला दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी लागते. हजारो घोडे पाण्यावर नेले की धूळ उठते, वाटा पडतात आणि बांधणीच्या रांगा वरून स्पष्ट दिसतात. वाळवंटात तर आडोसाही नसतो.

सिनाई आणि पॅलेस्टाईन

ऑटोमन तुर्की साम्राज्य जर्मनीचे मित्रराष्ट्र होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये ‘फ्लीगर आबटाइलुंग ३००’ ही जर्मन विमानतुकडी १४ रुम्प्लर सी.१ विमानांसह बीरशेबा येथे आली. तिला ‘पाशा’ हे टोपणनाव होते. विमाने रेल्वेने आणली जात. पण तॉरस आणि अमानूस पर्वतांतील बोगदे पूर्ण झालेले नसल्यामुळे वाटेत सामान उतरवून पुन्हा चढवावे लागे. उष्ण हवेत इंजिन थंड ठेवणे ही मोठी अडचण होती, म्हणून येथे पाठविलेल्या विमानांवर जादा रेडिएटर बसविण्यात आले.

समोर ब्रिटिशांची बी.ई.२सी ही विमाने होती. रुम्प्लर त्यांच्यापेक्षा वेगवान होते आणि अधिक उंच जात असे. त्यामुळे सुमारे दीड वर्ष या लहानशा तुकडीने आकाशात वर्चस्व राखले. ऑगस्ट १९१६ मधील रोमानीच्या लढाईपूर्वी तिने सुएझ कालव्याकडील ब्रिटिश छावण्यांची पाहणी केली. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी तिच्यातील एका विमानाने थेट कैरो शहरावर बॉम्ब टाकले. लष्करी हानी फारशी झाली नाही, पण आघाडीपासून इतक्या दूर विमान पोहोचू शकते हे दिसून आले.

या तुकडीतील वैमानिक गेरहार्ड फेल्मी याचे नाव प्रतिपक्षातील ऑस्ट्रेलियन वैमानिकांनाही परिचित होते. १९१७ मध्ये एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कैद झाला तेव्हा तो सुखरूप असल्याचे पत्र आणि छायाचित्रे फेल्मीने शत्रूच्या तळावर नेऊन टाकली. उत्तरादाखल एका ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कैद्याचे कपडे व पत्रे जर्मन तळावर टाकली. त्याच आकाशात दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळीबार होत असे, हे मात्र विसरता येत नाही.

१९१७ च्या शरद ऋतूत आणखी चार जर्मन तुकड्या (३०१ ते ३०३ आणि बव्हेरियाची ३०४बी) पॅलेस्टाईनमध्ये आल्या. त्यांच्याकडे प्रामुख्याने ए.ई.जी. सी.४ ही विमाने होती. मात्र १९१७ च्या शरद ऋतूपासून ब्रिटिश आणि नंतर ऑस्ट्रेलियन तुकड्यांना ‘ब्रिस्टल फायटर’ मिळू लागले. त्याचा वेग ताशी २०० किमीच्या जवळपास होता. येथून पारडे फिरले.

दख्खनचे घोडदळ आणि सप्टेंबर १९१८

बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यात मोडत असे. निजामाच्या खर्चाने आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेच्या घोडदळाची एक छावणी अंबाजोगाई येथे होती. गावाचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन करण्यात आली आणि तिच्या रिसाल्यांतून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स (डेक्कन हॉर्स) व ३० वी लान्सर्स या पलटणी निघाल्या. निजामाचे स्वतःचे ‘हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स’ हे पथक याहून वेगळे होते. या दोहोंची गल्लत पुष्कळदा केली जाते.

हैदराबाद लान्सर्स हे म्हैसूर व इतर संस्थानांच्या स्वारांसह १९१४ च्या अखेरीस इजिप्तमध्ये उतरले आणि सुएझ कालव्याच्या रक्षणावर राहिले. डेक्कन हॉर्सने आधी फ्रान्समध्ये काम केले. १९१८ च्या वसंतात फ्रान्समधील भारतीय घोडदळ पॅलेस्टाईनला हलविण्यात आले, तेव्हा ही दोन्ही पथके ५ व्या घोडदळ डिव्हिजनमध्ये एकत्र आली. २९ वी लान्सर्स शेजारच्या ४ थ्या डिव्हिजनमध्ये होती. पूना हॉर्सही ५ व्या डिव्हिजनमध्ये होती. तिच्या नावात पुणे असले तरी स्वार प्रामुख्याने राजपूत आणि उत्तरेकडील होते.

ब्रिटिश सेनापती जनरल ॲलनबी याची योजना समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने शत्रूची फळी फोडण्याची आणि त्या खिंडारातून तीन डिव्हिजन घोडदळ आत सोडण्याची होती. यासाठी जॉर्डनच्या खोऱ्यातील बरेचसे घोडदळ सुमारे ८० किमी पश्चिमेस याफाजवळ आणावे लागणार होते. एकाही जर्मन विमानाने ही हालचाल टिपली असती तर ऑटोमन सैन्य मागे सरकले असते आणि घोडेस्वारांना मशीनगनच्या माऱ्यात जावे लागले असते.

म्हणून रात्रीच कूच होई. दिवसा स्वार व घोडे संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागांत थांबत. दिवसा चूल पेटविण्यास मनाई होती. घोड्यांना पाणी पाजण्याच्या वेळा ठरवून दिलेल्या होत्या आणि बागांतील पाटांचे व विहिरींचे पाणी वापरले जाई. मागे जॉर्डनच्या खोऱ्यात रिकामे तंबू उभेच ठेवले होते. काठ्या आणि कॅनव्हासचे सुमारे १५,००० खोटे घोडे रांगांत बांधले होते, आणि घोडे पाण्यावर जात असल्याचा भास व्हावा म्हणून खेचरांकरवी ओंडक्यांसारखे सांगाडे ओढवून धूळ उडविली जात होती. वरून पाहणाऱ्या निरीक्षकाला नेमके काय दिसते, हे जाणूनच ही सारी मांडणी केलेली होती.

तरीही दीर्घकाळ आणि खालून पाहिल्यास सोंग उघडे पडले असते. ते पडले नाही, कारण जर्मन विमानांना पाहण्याची संधीच मिळाली नाही. ब्रिटिश नोंदींनुसार जूनमधील एका आठवड्यात सुमारे १०० जर्मन विमाने आघाडी ओलांडून आली होती. ऑगस्टच्या अखेरीस ती संख्या आठवड्याला १८ वर आली आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मिळून अवघी ४. १९ सप्टेंबरला, हल्ल्याच्या दिवशी, ब्रिटिश लढाऊ विमाने जेनीन येथील जर्मन विमानतळावर पाळीपाळीने घिरट्या घालीत राहिली, जेणेकरून एकही विमान उडू नये.

या हकिकतीला एक विलक्षण पुरवणी आहे. १७ सप्टेंबरला ब्रिटिश सैन्यातील एक भारतीय हवालदार शत्रूला जाऊन मिळाला आणि किनाऱ्यावर हल्ला होणार असल्याचे त्याने सांगितले. ऑटोमन सैन्याचा जर्मन सरसेनापती लिमान फॉन झांडर्स याला ही हूल वाटली. विमानांकडून दुजोरा मिळण्याची शक्यता उरलेली नव्हती.

१९ सप्टेंबरला पायदळाने फळी फोडली आणि घोडदळ बागांतून बाहेर पडले. २० तारखेच्या पहाटे ५ व्या डिव्हिजनचे स्वार नाझरेथमध्ये, खुद्द फॉन झांडर्सच्या मुख्यालयापाशी पोहोचले. तो थोडक्यात निसटला. २३ सप्टेंबरला म्हैसूर आणि जोधपूर लान्सर्सनी हैफा घेतले. हैदराबाद लान्सर्स त्यांच्याच ब्रिगेडमधील. नवी दिल्लीतील तीन मूर्ती स्मारकाचे तीन पुतळे या तीन संस्थानांच्या स्वारांचे आहेत.

उत्तरकाळ

पश्चिम आघाडीवर सी.१ ची जागा अधिक उंच उडणाऱ्या सी.४ व सी.७ या रुम्प्लर विमानांनी घेतली. सी.७ मधील सैनिक कृत्रिम प्राणवायू आणि विजेने ऊबदार ठेवलेले पोशाख वापरून ६,००० मीटरहून अधिक उंचीवरून छायाचित्रे घेत. जुनी सी.१ विमाने प्रशिक्षणासाठी वापरली गेली.

कारखान्याचा संस्थापक एडमुंड रुम्प्लर (१८७२–१९४०) हा व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता होता. युद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील विमाननिर्मितीवर निर्बंध आले आणि तो मोटारींकडे वळला. १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात त्याने मांडलेली थेंबाच्या आकाराची मोटार हवेचा विरोध कमी करण्याच्या दृष्टीने काळाच्या फार पुढे होती, पण ती खपली नाही. ज्या देशासाठी त्याने विमाने घडविली त्या देशात नाझी सत्तेवर येताच त्याला अटक झाली. पुढे त्याची सुटका झाली तरी कारकीर्द संपली.

जर्मन तुकड्यांनी पॅलेस्टाईनमध्ये घेतलेल्या छायाचित्रांचा मोठा संग्रह म्युनिक येथील बव्हेरियन युद्धदप्तरात आहे. त्यांतील १०० छायाचित्रे अभ्यासक गुस्ताफ डालमान याने १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शत्रूच्या छावण्या शोधण्यासाठी टिपलेल्या या चित्रांत त्या वेळची गावे, शेते, पाणवठे आणि प्राचीन अवशेषही आले आहेत. पुढे वस्ती वाढून यांतील पुष्कळसे नाहीसे झाले. पुरातत्त्वज्ञ आणि भूगोलाचे अभ्यासक आज ते या चित्रांवरून शोधतात.