एक नाव, चार रोग

मुलाच्या मेंदूत गाठ आहे असे कळले, की घरची माणसे विचारतात: गाठ कोणती? या प्रश्नाचे उत्तर अलीकडे कसे पालटले, तेवढेच आम्ही येथे सांगणार आहोत. आणि त्यासाठी एकच गाठ घेणार आहोत. तिचे नाव मेड्युलोब्लास्टोमा.

डोक्याच्या मागील बाजूस होणाऱ्या या गाठीचे वर्णन बेली व कुशिंग यांनी 1925 साली अमेरिकेत केले. सकाळच्या उलट्या, डोकेदुखी, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे. शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या द्रवातून पाठीच्या कण्यात उतरू शकतात. म्हणून सबंध मेंदूला आणि कण्याला किरण देतात. त्याने मुले वाचू लागली खरी; पण पुढे शिकण्याचा वेग मंदावतो, उंची खुंटते.

सर्वांना एकच माप लावले जात होते. सरासरीमागे माणूस कसा दडतो, हे वेतनाच्या वाटाघाटींत आम्ही पुष्कळ पाहिले आहे; येथेही तेच झाले होते. पेशींतील जनुके वाचता येऊ लागली, आणि 2012 साली तज्ज्ञांनी मान्य केले की या एका नावाखाली निदान चार रोग आहेत.

पहिल्याचे नाव डब्ल्यूएनटी. पेशीला 'वाढ' असा निरोप पोचविणारे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन काम संपताच मोडून टाकले जाते. या रोगात त्याच्या जनुकात बिघाड होतो, प्रथिन मोडत नाही, निरोप चालूच राहतो. तरीही शंभरातील नव्वदांहून अधिक मुले वाचतात. उंदरांवरील 2016 च्या संशोधनाने एक कारण दाखविले: या गाठीच्या रक्तवाहिन्या झिरपतात, त्यामुळे औषध आत शिरते. इतर गाठींत ते सहजी शिरत नाही.

दुसरा सॉनिक हेजहॉग. त्याचा निरोप अडविणारे व्हिस्मोडेगिब हे औषध आहे; पण ते वाढत्या हाडांची टोके अकाली सांधते, म्हणून वाढ पुरी होण्याआधी देणे धोक्याचे. तिसऱ्यात कित्येकदा एमवायसी या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढतात. तो सर्वांत कठीण. चौथ्याची मुले संख्येने सर्वांत अधिक, आणि त्याच्यावर नेमके औषध नाही.

मग पहिल्या गटातील मुलांचे किरण कमी करावेत काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अशा मुलांना फक्त गाठीच्या जागी किरण देऊन पाहिले. काहींच्या मेंदूत व कण्यात रोग परतला, आणि प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. थांबविणाऱ्यांचे आम्हांस कौतुक वाटते. आता प्रयत्न आहे तो सबंध कण्याचे किरण ठेवून त्यांची मात्रा उतरविण्याचा. त्याआधी गट नक्की कळला पाहिजे. काढलेल्या गाठीचा तुकडा रंगवून किंवा तिची जनुके तपासून तो कळतो.