अँटिव्हायरस बंद करा, असे ॲप सांगते तेव्हा

मनोरीहून मार्वेची फेरीबोट पकडणारी कॉलेजची मुले हल्ली आम्हाला विचारतात, क्रिप्टोची नाणी काढणारे, म्हणजे मायनिंगचे, ॲप घ्यावे का? अशी काही ॲप बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. अम्मी-अब्बांना शंका येते ती तिथेच, आणि रास्त येते.

गोष्ट जरा गुंत्याची आहे. एक्सएमरिग हा मायनिंगचा प्रोग्राम उघडपणे मिळतो. पण चोरही तोच लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप बसवतात. वीज आपली, नाणी त्यांची. म्हणून अँटिव्हायरस दोघांनाही हटकतो. 'हा खोटा इशारा आहे' हे कधी कधी खरेही असते. तरी फाइल मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी आणि त्याने दिलेला एसएचए-२५६ हा लांबलचक आकडा आपल्या फाइलशी जुळतो का, ते पाहावे. एका अक्षराचाही फरक दिसला तर ती फाइल उघडू नये.

मोबाइलपुरता प्रश्न सोपा आहे. फोनवरच मायनिंग करणाऱ्या ॲपना ॲपल आणि गूगलने २०१८ मध्येच मनाई केली. त्याआधी, २०१७ मध्ये, कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांनी लोआपी नावाचे मालवेअर एका फोनवर चालवून पाहिले होते. दोन दिवसांत बॅटरी फुगली आणि फोनचे झाकण वाकले.